माहीत असूनही आपण रूळ का ओलांडतो?



आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरांचे घड्याळ लोकलच्या वेळापत्रकाप्रमाणे चालते. कुणी कर्जतहून पहाटेची गाडी पकडतो, कुणी खोपोलीहून येऊन कर्जतला गाडी बदलतो, कुणी भिवपुरीला किंवा नेरळला चढतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे अंतर शंभर किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन चार तास तरी गाडीतच जातात. ज्यांचा रुळांशी असा रोजचा संबंध, त्यांना रूळ ओलांडणे धोक्याचे आहे हे आम्ही वेगळे सांगायला हवे असे नाही. फलाटावर तशी घोषणा होत असते, पाट्या लावलेल्या असतात, रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हाही आहे. असा मृत्यू ज्याने ऐकला नाही असे घर आपल्यात नसेल. तरीही पूल असताना माणसे रुळांतून जातात. शिकलेली जातात, म्हातारी जातात, रविवारी मिस्सा आटोपून घरी निघालेलीही जातात.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत प्रत्येकी सुमारे अडीच हजार माणसे दगावली. पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा आकडा तीन हजारांच्या वर असे. गर्दीच्या गाडीतून पडणे, खांबाचा फटका बसणे, विजेचा धक्का अशी कारणे त्यात येतात. पण सर्वांत मोठे कारण रूळ ओलांडणे हेच आहे. युद्ध नाही, साथ नाही, आणि दरवर्षी एवढी माणसे जातात. आणि त्यातील जवळजवळ प्रत्येकाला धोका माहीत होता.

आमचा या लेखातील प्रश्न एवढाच आहे. जे आपल्याला पक्के माहीत आहे त्याच्या उलट आपण का वागतो?

हा प्रश्न जुना आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमच्या वर्गात त्यावर बरीच वादावादी होत असे. सॉक्रेटिसाचे म्हणणे असे की, जाणूनबुजून कोणी वाईट करत नाही. ज्याने केले त्याला खरे ज्ञानच नव्हते. ॲरिस्टॉटलला हे पटले नाही. आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथाच्या सातव्या भागात तो म्हणतो की, ज्ञान असते, पण त्या क्षणी ते झोपलेले असते. दारू प्यालेला माणूस मोठमोठी वचने घडाघडा म्हणेल, पण त्यांचा त्याच्यावर परिणाम होणार नाही, तसे. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात हाच पेच स्वतःविषयी मांडला आहे, आणि तो किती प्रामाणिकपणे मांडला आहे हे आपण घरी उघडून वाचावे. पण ज्ञान नेमके कशामुळे झोपते आणि कशाने जागे होते, हे सांगायला तत्त्वज्ञान अपुरे पडते. तिथे गेल्या पन्नास-साठ वर्षांतील मानसशास्त्र आपल्या उपयोगी येते. त्याचे एक चांगले उदाहरण आपल्याच मध्य रेल्वेवर घडले आहे.

वडाळा हे हार्बर मार्गावरील स्थानक. तिथे रूळ ओलांडताना माणसे फार मरत. २००९ च्या अखेरीस फायनल माइल या मुंबईतील संस्थेने मध्य रेल्वेच्या सहकार्याने तिथे एक प्रयोग केला. माणूस प्रत्यक्षात कसा वागतो याचा अभ्यास करून त्याप्रमाणे उपाय सुचवणे हे या संस्थेचे काम. बिजू डोमिनिक हे तिच्या प्रमुखांपैकी एक. या मंडळींनी भिंत बांधली नाही, पोलीस वाढवले नाहीत, दंडही वाढवला नाही. आधी नुसते उभे राहून माणसे रूळ कशी ओलांडतात ते पाहिले, आणि मग तीन छोट्या गोष्टी केल्या. एक, रुळांखालचे काही स्लीपर भडक पिवळ्या रंगाने रंगवले. दुसरी, गाडीचा भोंगा बदलला. एकच लांब भोंगा देण्याऐवजी मोटरमनने दोन तुटक, आखूड भोंगे द्यावेत असे ठरले, आणि ते कुठे द्यायचे त्याच्या पाट्या रुळाकडेला लावल्या. तिसरी, लोक जिथून रुळांत उतरतात तिथेच एका माणसाच्या चेहऱ्याची मोठी छायाचित्रे लावली. एकापुढे एक अशी तीन चित्रे, गाडी अंगावर येत असलेल्या माणसाची. शेवटच्या चित्रात त्याचे डोळे विस्फारलेले आणि तोंड किंचाळताना उघडलेले. पाटीवर उपदेशाचे शब्द नाहीत.

पुढील काही महिन्यांत वडाळ्याला रूळ ओलांडताना होणारे मृत्यू बरेच खाली आले, आणि त्याची दखल परदेशातील वृत्तपत्रांनीही घेतली. एका स्थानकाच्या आकड्यांवरून सगळे सिद्ध होते असे आम्ही म्हणणार नाही. माणसे आपल्याकडे कोणी पाहते आहे असे कळले की काही दिवस शहाण्यासारखी वागतातच. पण हे तीन उपाय सुचले कसे, हे समजून घेतले तर आपल्या मनाविषयी पुष्कळ कळते.

पिवळे स्लीपर आधी घेऊ. हर्शेल लीबोवित्झ नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. १९८५ साली त्यांनी रेल्वे फाटकावरील अपघातांवर लिहिताना एक गोष्ट मांडली की, मोठी वस्तू आपल्या डोळ्यांना तिच्या खऱ्या वेगापेक्षा हळू चाललेली भासते. विमान उतरताना पाहिले असेल तर आठवून पाहा. भले मोठे विमान आकाशात जणू तरंगत येते, आणि लहान विमान त्याच्यापेक्षा मंद असूनही झपाट्याने गेल्यासारखे वाटते. गाडीचेही तसेच आहे. न्यूझीलंडमधील वायकाटो विद्यापीठात याची तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पडद्यावर समोरून येणारी मोटार आणि समोरून येणारी रेल्वे दाखवली तेव्हा लोकांनी रेल्वेचा वेग मोटारीच्या मानाने कमी धरला. त्यात भर म्हणजे आपण रुळात उभे राहून गाडी नेमकी समोरून पाहतो. समोरून येणारी वस्तू बराच वेळ तेवढीच दिसते, आणि मग शेवटच्या क्षणी एकदम मोठी होते. तोपर्यंत आपला निर्णय होऊन गेलेला असतो.

साधा हिशेब करून पाहू. दोन मार्ग ओलांडायला आठ-नऊ मीटर चालावे लागते. सामान्य चालीने त्याला सात सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सात सेकंदांत दीडशे मीटरहून अधिक अंतर कापते. म्हणजे जी गाडी ‘लांब आहे’ असे म्हणून आपण पाय खाली टाकतो, ती दीडशे मीटरवर असेल तर आपण पलीकडे पोहोचण्याआधी ती आपल्यापाशी आलेली असते. मोटरमनने ब्रेक लावले तरी गाडी थांबायला शेकडो मीटर लागतात. हातात पिशवी असेल, पावसाळ्यात खडी निसरडी असेल, तर सात सेकंदांचे दहा होतात. वडाळ्याला पिवळे स्लीपर रंगवले ते यासाठी. एकेक पट्टा गाडीखाली झाकला जाताना दिसला की डोळ्याला वेग मोजायला काहीतरी खूण मिळते.

आता भोंगा. सतत चालू असलेला आवाज आपले कान थोड्याच वेळात ऐकेनासे होतात. घरातील पंख्याचा आवाज आपल्याला तो बंद पडल्यावरच ‘ऐकू’ येतो. आवाजात बदल झाला, मध्ये क्षणभर शांतता आली, की मेंदू कान टवकारतो. म्हणून दोन तुटक भोंगे. कर्जतकरांना हे विशेष समजण्यासारखे आहे, कारण आपल्याकडे घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिने जोडली जातात आणि भोंगे दिवसरात्र चालू असतात. बाहेरगावचा पाहुणा रात्री दचकून उठतो, आपण कूस बदलतो. ही आपली सवय झोपेसाठी बरी, पण रुळात तीच धोक्याची.

लक्ष किती अपुरे असते हे दाखवणारा एक प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्टोफर चॅब्रिस या दोघांनी तो केला. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांची चित्रफीत दाखवून प्रेक्षकांना सांगितले की, पांढऱ्या कपड्यांतील मुलांनी चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकला ते मोजा. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेले एक माणूस खेळाडूंच्या मधोमध येऊन, छाती पिटून निघून गेले. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ते दिसलेच नाही. डोळे उघडे होते, नजर पडद्यावर होती, पण लक्ष मोजण्यात होते. दिसल्यावर विश्वास न बसून चित्रफीत पुन्हा लावायला सांगणारे कितीतरी असतात. समोरच्या फलाटावर लागलेली खोपोली गाडी सुटते की काय याकडे ज्याचे लक्ष आहे, त्याला दुसऱ्या मार्गावरून येणारी एक्स्प्रेस दिसत नाही. तो आंधळा नसतो. आणि कानात मोबाइलची बोंडे असतील तर भोंग्याचाही उपयोग संपला. या बोंडांविषयी आमचे मत आमच्या युवकांना ठाऊक आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही.

पण आम्हाला स्वतःला सर्वांत अंतर्मुख करणारा प्रयोग वेगळाच आहे, आणि तो धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांवर झालेला आहे. १९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील प्रॉटेस्टंट सेमिनरीतील चाळीस विद्यार्थी त्यात होते. त्यांना सांगण्यात आले की, शेजारच्या इमारतीत जाऊन छोटेसे भाषण करायचे आहे. काहींना विषय दिला लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला. बाकीच्यांना नोकरीविषयीचा साधा विषय. निघताना काहींना सांगितले, ‘अजून वेळ आहे’. काहींना, ‘आता निघायला हवे’. काहींना, ‘उशीर झाला आहे, लवकर जा.’ वाटेतील बोळात एक माणूस दारापाशी कोसळून, खोकत, कण्हत पडलेला होता. तो अर्थातच प्रयोगातलाच होता.

कोण थांबले? ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के. मधल्या गटातील ४५ टक्के. आणि ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे शोमरोन्याच्या दाखल्यावर बोलायला निघालेले तरुण, वाटेत पडलेल्या माणसाला ओलांडून पुढे गेले. हे विद्यार्थी निर्दय होते असे कोणी म्हणू नये. त्यांच्यातील काही जण तिथे पोहोचल्यावर अस्वस्थ आणि गडबडलेले दिसत होते, असे संशोधकांनी लिहून ठेवले आहे. घाईने त्यांचे मन इतके अरुंद केले होते की, समोर जे चालले आहे त्याचा अर्थ लावायलाही जागा उरली नव्हती.

सकाळच्या गाडीची घाई याहून वेगळी नाही. गाडी चुकली तर पुढची अर्ध्या-पाऊण तासाने, मग ऑफिसात उशीर, मग हजेरीवर लाल शाई, मग पगारात कपात. ही साखळी ज्याच्या डोक्यात आहे त्याला पुलाचे दोन जिने दोन डोंगर वाटतात. शिवाय एक गणित नकळत तयार झालेले असते. रुळांतून गेल्यावर बक्षीस ताबडतोब मिळते, गाडी मिळते. शिक्षा बहुधा कधीच मिळत नाही. शंभर वेळा सुखरूप गेलेला माणूस एकशेएकाव्या वेळी अधिक सावध होत नाही, अधिक निर्धास्त होतो. बी. एफ. स्किनर यांनी कबुतरे आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की, ज्या कृतीमागून फळ मिळते ती कृती घट्ट होत जाते. माणूस उंदीर नाही, हे आम्ही धर्मगुरू या नात्याने ठासून सांगू. पण सवयीच्या बाबतीत आपण त्यांचे दूरचे नातेवाईक आहोत, हे नाकारून चालणार नाही.

खालापूरच्या बाजूच्या आपल्या कुटुंबांनी इथे थोडे अधिक लक्ष द्यावे. कर्जत-खोपोली मार्गावर दोन लोकलमध्ये बराच वेळ जातो. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी या भागांत माणसे रुळाच्या कडेने निवांत चालत जातात, शेळ्याही चरतात. पनवेल-कर्जत जुन्या एकेरी मार्गावरही गाड्या मोजक्याच असत. त्या मार्गालगत चिखले, मोहोपे, चौक या बाजूने नवा दुहेरी उपनगरी मार्ग आखला गेला. दुहेरी मार्गावर लोकल धावतात तेव्हा ‘आत्ता या वेळेला गाडी नसते’ हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान एका दिवसात खोटे ठरते. पाय मात्र जुन्याच ज्ञानावर चालत राहतात. गावातील म्हाताऱ्या माणसांना आणि गुराख्या पोरांना हे घरातल्यांनीच पुन्हापुन्हा सांगायला हवे. आणि सांगण्यापेक्षा त्यांच्याबरोबर दोन-चार वेळा पुलावरून चालून पाय वळवायला हवेत.

तिसरी गोष्ट, ते भेदरलेले छायाचित्र. कलम आणि दंड वाचायला विचार लागतो, आणि घाईत विचार होत नाही. घाबरलेला चेहरा मात्र वाचावा लागत नाही. तो पाहताच पोटात गोळा येतो. डॅनियल काहनेमान या मानसशास्त्रज्ञांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ते २०२४ साली वारले. मनाच्या झटपट चालणाऱ्या आणि सावकाश चालणाऱ्या अशा दोन रीती त्यांनी जन्मभर अभ्यासल्या. पाट्या सावकाश मनासाठी लिहिलेल्या असतात आणि रूळ झटपट मन ओलांडते, असे आम्ही त्यांच्या आधाराने म्हणू.

मात्र भीती दाखवली की काम झाले, असे समजू नये. आपल्याकडे प्रवचनांतून नरकाची वर्णने करण्याची एक परंपरा होती. तिच्यापासून किती जणांचे वर्तन बदलले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. येल विद्यापीठात १९६५ साली हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती देणाऱ्या पुस्तिका वाटल्या. काही पुस्तिका भयंकर होत्या, काही साध्या. भयंकर पुस्तिका वाचणारे अधिक घाबरले आणि लस घेऊच असे म्हणाले. पण प्रत्यक्ष लस घ्यायला जेमतेम तीन टक्के गेले. दुसऱ्या गटाला पुस्तिकेबरोबर आरोग्य केंद्र कुठे आहे याचा नकाशा दिला, आणि आपल्या तासिका पाहून कधी व कोणत्या वाटेने जाल ते ठरवा असे सांगितले. त्यांच्यातील सुमारे २८ टक्के गेले. गंमत अशी की, हे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी होते. केंद्र कुठे आहे हे त्यांना आधीपासून ठाऊकच होते. माहिती नवी नव्हती. नवे होते ते ‘कधी’ आणि ‘कोणत्या वाटेने’.

पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी हा धागा पुढे नेला. त्यांचा १९९७ चा एक प्रयोग नाताळाशी संबंधित असल्याने आपल्याला लक्षात राहील. विद्यार्थ्यांना सांगितले की, नाताळची पूर्वसंध्या तुम्ही कशी घालवलीत त्याचा वृत्तांत दोन दिवसांच्या आत लिहून पाठवा. अर्ध्यांना एवढेच सांगितले. उरलेल्या अर्ध्यांकडून, तो नेमका केव्हा आणि कुठे बसून लिहिणार हे आधीच ठरवून घेतले. सणाच्या धामधुमीत पहिल्या गटातील एक-तृतीयांश विद्यार्थ्यांनीच वेळेवर लिहिले. दुसऱ्या गटातील तीन-चतुर्थांशांनी. ‘मी अमुक करीन’ हा संकल्प. ‘अमुक वेळ आली की मी अमुक करीन’ ही योजना. उपवासकाळात आपण पुष्कळ संकल्प करतो आणि ते का टिकत नाहीत याचे एक कारण यात आहे. झटपट मनाला संकल्प आठवत नाही. पण ठरलेली खूण दिसली की ठरलेली कृती ते करून टाकते.

झटपट मनाची आम्ही बरीच निंदा केली, तेव्हा त्याची दुसरी बाजूही सांगतो. १७ एप्रिल २०२१ रोजी आपल्याच मार्गावर, वांगणी स्थानकात, आईबरोबर चाललेले एक लहान मूल फलाटावरून रुळात पडले. आईला दिसत नव्हते. समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. रेल्वेचे पॉइंट्समन मयूर शेळके गाडीच्या दिशेने रुळातून धावत गेले, मुलाला फलाटावर चढवले आणि स्वतः वर आले, तोच गाडी गेली. कॅमेऱ्यात टिपलेले ते दृश्य देशभर पाहिले गेले. रेल्वेने त्यांना ५० हजार रुपयांचे बक्षीस दिले आणि त्यातील अर्धी रक्कम त्यांनी त्या मुलासाठी देऊ केली. सावकाश हिशेब करायला तिथे वेळच नव्हता. ज्याची नजर रोज रुळावर असते, गाडीचा वेग ओळखणे हे ज्याचे कामच आहे, अशा माणसाचे मन आणि पाय एकदम हलले. धैर्य होतेच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या धैर्यामागे रोजच्या कामाने घडवलेली नजर होती. सवय आपल्याला मारते तशी ती कोणाला तारतेही.

आता एक कठीण गोष्ट. रेल्वे अपघातात कोणी गेले की, त्या घरी सांत्वनाला जाणारे लोक दारातच विचारतात, ‘पूल होता ना? मग रुळांतून कशाला गेला?’ मागून कुजबुज होते की, फार बेफिकीर होता. ली रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली आपल्या अशा विचारपद्धतीला नाव दिले. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीचा वाटा विसरतो. स्वतःच्या बाबतीत मात्र परिस्थिती आपल्याला बरोबर आठवते. तो गेला तर बेफिकीर, आणि आपण गेलो तर गाडी सुटत होती. वर सांगितलेले सगळे संशोधन पाहिले तर, गेलेला माणूस आणि आज फलाटावर सुखरूप उभे असलेले आपण यांच्यात स्वभावाचे अंतर फारसे नाही. त्याच्या डोळ्यांनी त्याला तेच सांगितले जे आपले डोळे आपल्याला सांगतात. त्याची घाई आपल्यासारखीच होती. त्या घरातील आईला किंवा पत्नीला हा प्रश्न विचारू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. ती तो प्रश्न स्वतःला रोज रात्री विचारत असते.

याचा अर्थ जबाबदारी नाही असा नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक हा सर्व नैतिक सद्गुणांना दिशा देणारा मानला, आणि त्यांच्या मते विवेक म्हणजे नुसते योग्य काय ते कळणे नव्हे. योग्य कृती वेळेवर करवून घेणे हेही त्यातच येते. म्हणजे फलाटाच्या टोकाशी उभे राहून, गाडी दिसत असताना, मनाशी झगडा करणे हा विवेकाचा उशीर झाला. विवेकाची वेळ आदल्या रात्रीची. घड्याळ दहा मिनिटे अलीकडे आणण्याची, डबा आधी भरून ठेवण्याची. आणि फक्त व्यक्तीची नव्हे. पुलाचा जिना माणसांच्या रोजच्या वाटेपासून लांब असेल, सरकता जिना महिनोन्‌महिने बंद असेल, म्हाताऱ्यांना दोन मजले चढणे शक्यच नसेल, तर तिथे उपदेश करणे हे आम्हाला पटत नाही. अशी ठिकाणे कोणती, ते प्रवाशांनी एकत्र येऊन रेल्वेला लेखी कळवायला हवे. आपल्यातील रोज प्रवास करणाऱ्यांना ती कोणाही अधिकाऱ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत.

आजच्या पत्रिकेबरोबर प्रत्येक कुटुंबाला एक कोरे कार्ड दिले आहे. त्यावर प्रत्येकाने आपल्यापुरते एकच वाक्य लिहावे, ‘जर’ने सुरू होणारे आणि ‘तर’ने पुढे जाणारे. उदाहरणार्थ, ‘जर मी जिन्यापाशी पोहोचताना गाडी फलाटावर दिसली, तर मी ती सोडून पुढची घेईन.’ किंवा, ‘जर स्थानकाचे फाटक आले, तर मी कानातली बोंडे काढून खिशात ठेवीन.’ वाक्य स्वतःच्या रोजच्या वाटेवरचे असावे, दुसऱ्याचे उतरवून घेऊ नये. लहान मुलांचे आई-वडिलांनी लिहू नये. मुलाला विचारून, त्याच्या शब्दांत त्याच्याकडूनच लिहून घ्यावे. कार्ड पासच्या पाकिटात ठेवावे. ज्यांना आपल्या स्थानकातील अडचणीची जागा कळवायची आहे त्यांनी ती मागील बाजूस लिहून पुढच्या रविवारी मिस्सानंतर दारापाशी ठेवलेल्या पेटीत टाकावी. त्यांच्यासाठी जादा कार्डे तिथेच ठेवली आहेत.